दोन गोळ्यांमधील क्षण

साधन निर्दोष असते, दोष ते वापरणाऱ्या हाताचा, असे आपण सहज म्हणून जातो. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही, हा त्याचा ठरलेला दाखला. परंतु ज्या साधनाने हाताचे कामच काढून घेतले, त्यालाही हा न्याय लागू पडतो काय? स्वयंचलित बंदुकीचा आरंभकाळ पाहताना आम्हांला हा प्रश्न टाळता आला नाही.

१८६२ साली अमेरिकेत रिचर्ड गॅटलिंग यांनी दांडा फिरवून चालणाऱ्या अनेकनळी बंदुकीचे पेटंट घेतले. एक मनुष्य शंभरांचे काम करील, सैन्ये लहान होतील आणि लढाईत व रोगराईत कमी माणसे मरतील, अशी आपली आशा त्यांनी पुढे लिहून ठेवली. हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. हिशेब मात्र साफ चुकला.

१८८४ च्या सुमारास लंडनमध्ये हायरम मॅक्झिम यांनी दांडाही नाहीसा केला. गोळी सुटताच बंदूक मागे धक्का देते. सैनिकाच्या खांद्यावर वाया जाणारा हा धक्काच त्यांनी कामाला जुंपला. त्याच्या बळावर रिकामे काडतूस बाहेर पडे, नवे आत सरके आणि मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या सुटत. १८९८ मध्ये सुदानातील ओमदुर्मानला तोफा, रायफली आणि मॅक्झिम यांच्या माऱ्यापुढे एका दिवसात दहा हजारांहून अधिक महदीपंथी सैनिक पडले. समोरच्या बाजूचे मृत पन्नासच्या आसपास होते.

हीच करामत एकट्या शिपायाच्या हातात मावावी म्हणून मेक्सिकोचे मोन्द्रागोन, इटलीचे चेई-रिगोत्ती, रशियाचे फ्योदोरोव झटले. फ्योदोरोव यांनी तर धक्का सौम्य म्हणून ६.५ मिलिमीटरचे जपानी काडतूस निवडले. अशा शस्त्रांवर अनेक सेनाधिकाऱ्यांचा आक्षेप होता तो एवढाच, की शिपाई काडतुसे उधळील. उधळपट्टीची चिंता होती, ती शिशाची.

पूर्वी दोन गोळ्यांमध्ये एक क्षण असे. त्या क्षणात दया उपजत असे, असा आमचा दावा नाही. तलवारीनेही कत्तली झाल्याच. परंतु प्रत्येक वार नव्याने करावा लागे, म्हणजे प्रत्येक वेळी थांबण्याची वाट उघडी असे. यंत्राने ती बंद केली नाही, अरुंद केली. आता निर्णय एकदाच, मृत्यू अनेक. म्हणून साधन निर्दोष असते, हे अर्धसत्य होय. साधन निर्णय घेत नाही, पण निर्णयाला किती अवकाश उरावा, हे तेच ठरवते. आणि तो अवकाश आखणारा निर्माता सर्वस्वी मोकळा राहू शकत नाही.

मिखाईल कलाश्निकोव यांनी २०१२ मध्ये रशियन धर्मगुरूंना लिहिले, की आपल्या रायफलीने माणसे मेली, तर त्यांच्या मृत्यूचा दोष आपल्याकडे येतो काय, या प्रश्नाची वेदना असह्य आहे. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. दोष केवळ हाताचा असता, तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.