परक्या अंगणात

आजचे वाचन : लूक 10:1-9



प्रभूने शिष्यांना दोघे-दोघे करून पुढे पाठवलं. पिशवी नको, झोळी नको. घरात गेल्यावर आधी शांती म्हणा, आणि समोर वाढतील ते खा. हा भाग मी कितीतरी वेळा वाचलाय. पण मार्चमध्ये गडचिरोलीला गेलो तेव्हा तो पहिल्यांदा मला टोचला.

भामरागड तालुक्यातल्या एका गावात विश्वासी भावा-बहिणींची लहानशी मंडळी आहे. दोन दिवस मी त्यांच्यासोबत घरोघरी गेलो. माझ्या खांद्यावर पिशवी होती, मराठी पत्रिकांनी गच्च भरलेली. गाव माडिया बोलणारं. मोहाचे दिवस, त्यामुळे पहाटेच सगळे फुलं वेचायला रानात. दुपारी परतले तेव्हा आम्ही निघालो. तिथे दार ठोठावत नाहीत, अंगणाबाहेरून हाक मारतात. हाक आमच्यातली बहीणच मारायची. मग ती बसायची, वाळत घातलेल्या मोहातला काडीकचरा निवडू लागायची, नातवाचा ताप उतरला का विचारायची. मी आंबील प्यायलो आणि गप्प बसलो. चार घरं झाली, पत्रिका एकही निघाली नाही. खरं सांगतो, मनात चिडचिड झाली. एवढ्या लांबून आलो ते यासाठी?

पाचव्या घरी एका काकांना मराठी चांगलं येत होतं. मी लगेच सुरू झालो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि मग विचारलं, "आमचे पेन आहेत, आमचं गाव आहे. उद्या तुमचं ऐकलं आन् गाव तुटलं, तर माझ्या मातीला कोण येईल? तुमी येसाल का पुण्याहून?"

मला उत्तर आलं नाही.

घटनेच्या कलम 25 प्रमाणे आपल्याला धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये त्याचा अर्थही स्पष्ट केला : आपली श्रद्धा समजावून सांगता येते, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण काकांचा प्रश्न हक्काचा नव्हताच. आपल्या बोलण्याची किंमत कोण भरणार, हे ते विचारत होते. मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो. त्याच विहिरीवर, त्याच ग्रामसभेत राहणार होती ती आमच्यातली बहीण.

परतताना स्टीफन हिस्लॉप आठवले. स्कॉटलंडहून 1845 मध्ये ते नागपूरला सुवार्ता घेऊन आले. पण गोंडांकडे गेल्यावर त्यांनी ऐकूनही घेतलं. लिंगोची लांबलचक गाथा त्यांनी लिहून घेतली. 1863 मध्ये ते पुरात बुडून वारले, आणि 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणं छापली. सांगायला आलेल्या माणसाने दुसऱ्याची श्रद्धा इतक्या काळजीने जपून ठेवली. त्याने त्यांचा स्वतःचा विश्वास कमी झाला असं मला वाटत नाही.

मग आपण बोलूच नये का? तसं नाही. प्रेषित पौलही घरोघरी शिकवत होता, पण इफिसात तो तीन वर्षं राहिला, रडला, स्वतःच्या हातांनी कमावून खाल्लं. बोलण्याचा अधिकार असा राहण्यातून येतो. पाहुण्याने मागे चालावं, वाढलेलं खावं, विचारलं तर सांगावं. आणि पिशवी? ती प्रभूने आधीच ठेवायला सांगितली होती.

त्या काकांना उत्तर मिळालं, पण माझ्याकडून नाही. आमच्यासोबतचा भाऊ म्हणाला, "काका, तुमी आमचं ऐका का नका ऐकू. तुमच्या मातीला मी येईनच."

काका थोडं हसले आणि म्हणाले, "बस, पेज पिऊन जा."

प्रार्थना : हे प्रभू, ज्या अंगणात मी उद्या नसेन, तिथे मला आज जपून बोलायला शिकव. जे तिथेच राहतात त्यांना बळ दे. आमेन.