साइडपट्टीवरचा माळ

सोलापूर, नगर, पुण्याकडचा माळ कुठे नांगराखाली जातो आहे, कुठे प्लॉटिंगखाली. सरकारी दप्तरात तो बहुधा ‘पडीक’, त्यामुळे त्याच्या जाण्याची हळहळ नाही. शेताचे बांधही कोरून कोरून वीतभर उरले. अशा गावांत पवन्या, मारवेल, कुसळी ही मूळची गवतं सलग दिसतात ती रस्त्याच्या कडेला. तिथे नांगर फिरत नाही आणि युरियाही पडत नाही. म्हणून साइडपट्टीवरच्या गवताकडे मी कचरा म्हणून पाहू शकत नाही.

हे गवत कापू नये, असं माझं म्हणणं नाही. प्रश्न आहे तो कधी कापायचं याचा. सणांच्या तोंडावर, ऐन भाद्रपदात, ब्रश कटर फिरतात. तेव्हा ठिपकेदार मुनियांची वीण चालू असते, वटवट्याची पिल्लं झुडपात अळ्यांची वाट पाहत असतात. तेरडा फुलावर असतो, कुर्डूचे तुरे नुकते उभे राहिलेले असतात. ही सगळी एका पावसाळ्याची झाडं. बी पडण्याआधी कापली, तर पुढच्या वर्षी उगवायचं कशातून? मग उघड्या पडलेल्या मातीत गाजरगवत शिरतं. ते वर्षभर, मिळेल त्या ओलीवर, फुलतं आणि बी टाकतं. सफाईच्या नावाखाली आपण त्याचीच पेरणी करतो. तणनाशक फवारलं किंवा उन्हाळ्यात कड पेटवली, तरी निष्पत्ती तीच. शिवाय आगीत जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाची अंडी जातात.

इंग्लंड-वेल्समधली 97 टक्के फुलांची कुरणं 1930 च्या दशकानंतरच्या अर्धशतकात संपली. तिथली प्लँटलाइफ ही संस्था आता रस्त्याच्या कडांसाठी मोहीम चालवते: कमी वेळा कापा, बी पडू द्या, कापलेलं गवत उचलून न्या. गवत तिथेच कुजलं की माती सकस होते आणि दांडगी झाडं नाजूक फुलझाडांना दडपतात. डॉर्सेटमध्ये असं केल्यावर कापणीच्या फेऱ्या घटल्या, खर्चही घटला. आपल्याकडे दिवाळीनंतर विळा घेऊन येणाऱ्या, गुरांसाठी भारे बांधून नेणाऱ्या बायका याहून वेगळं काय करत आल्या? बी पडून गेलेलं असतं आणि कापलेलं सगळं गोठ्यात जातं.

आपल्या धोरणांना मात्र हिरवं म्हणजे झाडच दिसतं. 2015 च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाचा एक टक्का लागवडीसाठी ठेवला. वड, पिंपळ, कडुनिंब लावावेतच. जुने वड रुंदीकरणात गेल्याचं दुःख मोठं आहे. पण जिथे मुळात माळ होता तिथे गवत खरवडून गुलमोहराची रांग लावणं, ही माळाच्या पाखरांची बेदखलीच आहे. हिवाळ्यात गप्पीदास येतो तो वाळक्या काडीवर बसून किडे टिपायला. त्याला ती काडी हवी.

एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. वळणावर उंच गवताने समोरची गाडी दिसत नाही, आणि डांबराला लागून दाणा टिपणारी पाखरं चाकाखाली येतात. म्हणून डांबरालगतचा पट्टा आणि वळणं वर्षभर आखूड ठेवावीत. त्यापलीकडचं गवत कार्तिक सरेपर्यंत उभं ठेवावं, कापताना एका वर्षी एकच बाजू घ्यावी, आणि चारा गावाला न्यायला मोकळा ठेवावा. कंत्राटदाराला किती वेळा कापलं यावर पैसे मिळत असतील, तर तो भाद्रपदातही कापणारच. निविदेत महिना लिहिलेला असला पाहिजे.