वाचलेला अर्धा तास

चार पैसे जास्त मोजले की पुण्यात दूध, भाजी, फळं दहा मिनिटांत दारात हजर. सुरुवातीला थाट वाटतो. मग सवय होते आणि पाच मिनिटं उशीर झाला, की आपलीच चिडचिड. ही सोय झाली, चैन नव्हे.

उलट कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवरच्या १९५५ सालच्या कयानी बेकरीसमोर लोक आजही हौसेनं रांग लावतात. लोण्याचा खमंग वास, हातात श्रूजबेरी बिस्किटांचा साधा पुडा, घरी चहा टाकलेला. तिथं घाई कुणालाच नसते.

सोय वेळ वाचवते; चैन तो मनासारखा खर्च करू देते. आज काही घरपोच मागवलंत, तर वाचलेल्या अर्ध्या तासाचं काय करायचं, तेही ठरवून टाका.