अहवाल आणि वेदना

मज्जातंतूंना विजेचे सौम्य झटके देऊन संदेशाचा वेग मोजतात. स्नायूत बारीक सुई टोचून त्यातील विद्युत् हालचाल पाहतात. नस मनगटात दबली आहे की मानेत, हे त्यावरून बरेचदा कळते व उपचाराची दिशा ठरते. परंतु ही तपासणी जाड, वेगवान तंतूंची. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या आटोक्याबाहेर राहतात. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी वेदना खरी असू शकते.

मग "आजीला काही झालेले नाही, उगाच कण्हते," असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? इयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. दुःखाचा जाब त्यालाच विचारू लागले, तेव्हा न्यायाधीश झाले.

कोणी सोंग करीत असेलही. पण सोंगावर विश्वास ठेवला तर आपला थोडा वेळ जातो. खऱ्या वेदनेवर अविश्वास दाखवला तर माणूस स्वतःच्या घरात एकटा पडतो. आम्हांला वाटते, बिकूर होलीमला जाताना अहवाल विचारू नये. "कुठे दुखते?" एवढेच विचारावे आणि ऐकत बसावे.