आधी शेकोटी, मग चौकशी

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये २८:१-१०



आज आपण पौलाबरोबर माल्टाला पोहोचतोय. आपल्या मराठी बायबलमध्ये या बेटाचं नाव मिलिता. नकाशात सिसिलीच्या खाली शोधा, एक ठिपका दिसेल. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब. शेजारची गोझो आणि कोमिनो धरली तरी सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मं. बारमाही नदी एकही नाही. पिवळसर चुनखडीचा खडक, त्यावर मातीचा पातळ थर, आणि ती माती वाहून जाऊ नये म्हणून दगडावर दगड रचून घातलेले बांध. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तो साठवायला लोकांनी खडकात टाकी खोदली, अगदी आपल्या गडांवर असतात तशी. सोळाव्या शतकात व्हॅलेटा शहर वसलं, तेव्हा प्रत्येक घराला टाकं हवंच असा नियम होता. आज तिथे समुद्राचं पाणी गोडं करून पितात.

थोडक्यात, पाहुण्याला तांब्याभर पाणी देतानाही हात आखडावा अशी जागा.

इथे इ.स. ६० च्या सुमारास एक जहाज फुटतं. चौदा दिवस वादळात भरकटलेली २७६ माणसं किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळ्या धरून. त्यात शिपाई आहेत, खलाशी आहेत, कैदीसुद्धा आहेत. हिवाळा तोंडावर, म्हणजे ही मंडळी लवकर हलणारही नाहीत. बेटावरच्या लोकांसाठी लूक जो ग्रीक शब्द वापरतो, तो ग्रीक न बोलणाऱ्यांसाठीचा. म्हणजे भाषाही जुळत नव्हती. तरी ते पाऊस आणि गारठा बघून शेकोटी पेटवतात. (२७६ ओल्या माणसांना एक शेकोटी कशी पुरली, देव जाणे!)

पुढचा साप सगळ्यांना माहीत आहे. पौल काटक्या आगीत टाकतो, साप हाताला डसतो. लोक म्हणतात, हा खुनी असणार. त्याला काहीच होत नाही, तेव्हा म्हणतात, हा देव आहे. दोन्ही अंदाज साफ चुकले! पण यावेळी वाचताना मी सापावर नाही, क्रमावर अडकले. शेकोटी आधी पेटली, अंदाज नंतर आले. आणि तो खुनी वाटला तेव्हाही त्याला कुणी शेकोटीपासून उठवल्याचं लूक लिहीत नाही.

माझा क्रम उलटा असतो. गेल्या जुलैत रात्री साडेदहाला आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी एक डिलिव्हरीवाला मुलगा उभा होता. चिंब भिजलेला, बाईक बंद पडलेली. आत शेडमध्ये थांबू का, म्हणाला. मी विचारलं, कुठल्या फ्लॅटची ऑर्डर? नाव काय? राहतोस कुठे? तो उत्तरं देत राहिला, आणि मी छत्रीत होते. शेवटी वॉचमनकाकांनीच त्याला आत बोलावलं. स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. नाव त्यांनी विचारलंच नाही.

पौलाची माणसं तीन महिने त्या बेटावर राहिली. पुब्ल्याचे वडील ताप आणि आमांशाने आजारी होते, ते पौलाच्या प्रार्थनेने बरे झाले. निघताना बेटकऱ्यांनी प्रवासाला लागेल ते सगळं जहाजात भरून दिलं.

प्रभू येशू, त्या मुलाचं नाव मी विचारलं होतं, पण आज ते मला आठवत नाही. तुला ठाऊक आहे. त्याला सांभाळ. आमेन.