एका दाताची किंमत

घाटकोपरला भटक्या कुत्र्याने माझी पोटरी धरली. चार दात उमटले. नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दाताच्या एका खुणेमागे किमान 10,000 रुपये भरपाई ठरवली होती. तो निकाल मुंबईला बांधील नाही, तरी मी हिशेब केलाच: 40,000.

दुखण्याला दर? ऐकायला विचित्र वाटतं. पण मोटार अपघाताची भरपाई बघा. तिथे जखमीचं उत्पन्न मोजतात. जास्त कमावणाऱ्याचा पाय महाग ठरतो. दाताची खूण पगार विचारत नाही. मॅनेजर असो की घरकाम करणाऱ्या मावशी, दर तोच.

तरी हिशेब पुरा होत नाही. महापालिकेच्या रुग्णालयात लस मोफत मिळते, पण तिच्या खेपांत मावशींचे खाडे पडतात.

आणि हे द्यायचं कुणी? पाळीव कुत्र्याचा मालक निष्काळजी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भटक्याला मालकच नाही. त्या निकालाने मुख्य जबाबदारी सरकारवर टाकली, म्हणजे शेवटी आपल्या सगळ्यांवर. मला ते पटतं. रस्ता सगळ्यांचा असेल, तर तिथला चावा एकट्याचं नशीब कसा?