कान्होबांच्या वाट्याचे कागद

गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या घराने वाईनसाठी द्राक्ष लावावं का? नारायणगावच्या शिवारात हा प्रश्न कीर्तनापुरता राहत नाही, तो बांधावर येतो. माझ्या वडिलांना माळ होती, मलाही आहे. धाकट्या भावाला नाही, आणि बाग त्याच्या नावावर आहे. मी महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, मुलुंड पूर्वेला राहते, एकादशीला सोसायटीच्या गच्चीवर हरिपाठ म्हणते. माहेरची जमीन मी हक्कसोड करून भावाला दिली. तरीही त्या जमिनीत काय पिकतं, याचा विचार मनातून जात नाही.

नारायणगाव हे मीना नदीकाठचं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं बाजाराचं गाव. टोमॅटोच्या हंगामात इथे क्रेटच्या थप्प्या आणि ट्रकच्या रांगा लागतात, दूरदूरच्या राज्यांतले व्यापारी येऊन राहतात. हीच तमाशाची पंढरी. चैत्राच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवून जातात. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा आमच्या आईने घरात सुतक असल्यासारखा दिवस काढला होता. ती माळकरी होती आणि तमाशाला कधी गेली नव्हती, पण विठाबाई तिला आपल्या वाटत.

जुन्नर तालुका मात्र वारकऱ्यांचा. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं म्हणतात, त्या रेड्याची समाधी आळ्याला. एकाच घरातला एक जण आषाढीला पायी चालतो आणि दुसरा फडाचा हिशेब लिहितो, यात आमच्याकडे कुणाला विसंगती दिसत नाही. द्राक्षाने मात्र ती दाखवली.

1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाईन बनवायला सुरुवात केली. ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी गेली. पुढे कंपनी कर्जात गेली आणि बंद झाली, पण तोवर आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वेलीचा दुसरा उपयोग कळला होता. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाईन उद्योगाला करात सवलती दिल्या, आणि नाशिकची बाजू तर आमच्या कितीतरी पुढे निघून गेली.

बागेत न गेलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष एक नाही. आमच्याकडचं काळं जंबो टपोरं, बिनबियांचं, सालीला पातळ. ते बाजारात जातं, परदेशी जातं, घरी खाल्लं जातं. कॅबरने किंवा शिराझचा मणी बारीक, बियांनी भरलेला, साल जाड. ताटात वाढावं असं त्यात काही नसतं. त्यामुळे 'मी फक्त द्राक्ष विकतो, घेणारा त्याचं काय करतो ते त्याचं तो जाणे' हे जंबोवाल्याला म्हणता येईल. कॅबरनेवाल्याला म्हणता येणार नाही. त्याने रोप लावलं त्याच दिवशी त्या मण्याचं काय होणार हे ठरलेलं असतं. दोष असलाच तर तो पिंपात किंवा पेल्यात सुरू होत नाही, रोपाच्या खड्ड्यात सुरू होतो. मला हे भावाशी बोलताना लख्ख कळलं, आणि त्यालाही ते मान्य होतं.

मग त्याने ते का लावलं? ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात असताना एक अवकाळी पाऊस आला की डाऊनीचा रोग येतो. फवारण्यांचा खर्च आदल्या वर्षीच्या कर्जावर चढतो. फुगवणीसाठी घड बुडवायचे, विरळणी करायची, बायकांची मजुरी रोजच्या रोज द्यायची, आणि ऐन काढणीत व्यापारी भाव पाडतो. वाईनच्या द्राक्षाला हे घड बुडवणं नाही, मण्याच्या आकाराची काळजी नाही, आणि करारात भाव आधी ठरतो. भावाने काही गुंठ्यांत ते लावलं. मला म्हणाला, "आक्का, माळ तुझ्या गळ्यात हाये, विकास सोसायटीचा हप्ता माझ्या गळ्यात."

जगात सगळीकडे हा पेच असा नाही. चेक देशाच्या दक्षिणेला मोरावियात मिकुलोव्ह, वेल्के पाव्लोव्हित्से अशी द्राक्षाच्या बाजाराची छोटी गावं आहेत. तिथे वेलींचा राखणदार संत ऊर्बान, त्याचा दिवस 25 मे. आणि 27 डिसेंबरला, संत योहानाच्या दिवशी, पाद्री नव्या वाईनला आशीर्वाद देतात. काना गावातल्या लग्नात येशूने पाण्याची वाईन केली, शेवटच्या भोजनात तीच शिष्यांना दिली. तिथल्या शेतकऱ्याचा देव त्याच्या पिकाच्या शेवटापर्यंत सोबत येतो. आमचा विठोबा बागेपर्यंत येतो आणि कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. मुलुंडच्या चर्चमध्ये रविवारी वेदीवर जी वाईन असते तिला मी मनोमन हात जोडते, कारण ती त्यांच्या उपासनेचा भाग आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीच्या वाईनला वाट ठेवली होती.

आपल्याकडेही सगळं एकरंगी नाही. द्राक्षासव हे आंबवूनच होतं, धायटीची फुलं घालून, आणि त्यात मद्यांश आपोआप तयार होतो. बाळंतपणानंतर वैद्यांनी मला ते दिलं होतं, माळकरी आईने स्वतःच्या हाताने पाजलं. त्याच दारूबंदी कायद्यावरच्या 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही औषधी आसवांवर सरसकट बंदी घालणं अवाजवी ठरवलं. म्हणजे आंबणं हे पाप नाही. हेतू आणि मात्रा बघावी लागते, हे आईलाही कळत होतं आणि न्यायालयालाही.

तरी मी एवढ्यावर थांबू शकत नाही. भावाचं द्राक्ष औषधाला जात नाही.

नारायणगावहून लेण्याद्रीला गेलं की डोंगरात बौद्ध लेणी दिसतात. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेलं दान नोंदलेलं आहे, यवनांची दानंही आहेत. खाली नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे व्यापारी मार्ग जात होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची वाईन आहे, आणि ती वाईन ज्या कुंभांत यायची त्यांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडले आहेत. म्हणजे हा माल आमच्या मुलखाला दोन हजार वर्षांपूर्वीही परका नव्हता. आणि ज्यांच्या भिक्षूंसाठी ही लेणी कोरली त्या बुद्धांनी उपासकाला न शोभणारे पाच व्यापार सांगितले: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. मी पीत नाही एवढं बुद्धांना पुरेसं वाटलं नाही, त्यांनी विकणाऱ्यालाही विचारलं. आमची माळ मुख्यतः माझ्या तोंडात काय जातं ते बघते. माझ्या हातून काय जातं, ते बुद्ध बघतात. हे मला अधिक कठोर आणि अधिक खरं वाटतं. भावाचं वागणं निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही.

27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वारकरी संघटना विरोधात उभ्या राहिल्या, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. आमच्या भजनी मंडळातही एक पत्र फिरलं. दुकानात वाईन नको, हे त्यातलं पहिलं वाक्य मला शंभर टक्के पटलं. जिथे मुलं बिस्किटं घ्यायला जातात तिथे बाटली नको. दुसरं वाक्य होतं की अशी द्राक्षं लावणाऱ्या घरातला माणूस वारकरी म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही, त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. मी सही केली नाही.

त्याचं कारण तुकोबा आहेत. सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, मला पोरंबाळं आहेत. मग कागदांचे दोन वाटे झाले. तुकोबांनी आपला वाटा बुडवला, कान्होबांचा त्यांच्या हाती दिला. ही कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो आणि तिचा दुसरा अर्धा भाग गिळून टाकतो. व्याज वाईट हे तुकोबांना ठाऊक होतं. कान्होबांचे कागदही त्याच व्याजाचे होते. ते ओढून घेऊन नदीत टाकायला त्यांना कुणी अडवलं नसतं. त्यांनी ते केलं नाही. वैराग्य स्वतःच्या वाट्यावर चालतं. दुसऱ्याच्या वाट्यावर चालवलं की त्याची जबरदस्ती होते, आणि तीही बहुधा ज्याचं काही जात नाही अशा माणसाने केलेली. मला पेन्शन आहे. अवकाळी पावसाने ती कमी होत नाही. मी कुणाच्या बागेला नावं ठेवायची?

मग माझ्या वाट्याचे कागद कोणते, हे मात्र मला शोधावंच लागलं. जमीन तर सोडलेली. उरली होती भाऊबिजेची ओवाळणी. वाईनच्या द्राक्षाचे पैसे हाती आले त्या दिवाळीला त्याने ताटात मोठं पाकीट ठेवलं. मी त्याला ओवाळलं, पाकीट परत दिलं आणि एक रुपया घेतला. का, ते सांगितलं. त्याला लागलं, मलाही लागलं. जेवण मात्र आम्ही एका पंगतीत केलं. जंबोचा क्रेट तो पूर्वीसारखाच पाठवतो आणि मी तो इमारतीत वाटते. वाईनच्या त्या वेली त्याने ठेवाव्यात की उपटाव्यात, हे मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

मुलुंड, घाटकोपर, भांडुपच्या भजनी मंडळांना माझं एक सांगणं आहे. वाईनच्या विरोधात पत्रं जरूर पाठवा, दुकानांबद्दल ठाम बोला. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्नरची खायची द्राक्षं थेट शेतकऱ्याकडून, त्याला परवडेल अशा भावाने, मंडळाच्या नावावर मागवा. द्राक्षं आणि बेदाणे उपवासाला चालतात. नवीन रोप कोणतं लावायचं हे शेतकरी पुढे ठरवतो. त्याच्या आत तुमची मागणी त्याच्यापर्यंत पोचू द्या.